कॅमेऱ्यामागचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका निरुपद्रवी माणूस रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या अख्ख्या किनाऱ्यावर शोधून सापडायचा नाही, आणि माझं जेवढं नुकसान या माणसाने केलं तेवढं चक्रीवादळानेही केलेलं नाही. वादळाने माझ्या वाडीतले माड आडवे केले, व्याह्यांनी मला आडवा केला. बरं, माडांचा निदान पंचनामा तरी झाला. व्याह्यांनी केलेल्या नुकसानीचा पंचनामा करायला तलाठी येत नाही. त्यात मी मुलीचा बाप. दुसरा कोणी असता तर चौलच्या नाक्यावर उभा करून दहा माणसांत सुनावलं असतं. पण व्याह्यांपुढे जास्तीत जास्त काय म्हणता येतं, तर ‘आणखी थोडा भात घ्या.’ तेवढंही मी दात ओठ खाऊन म्हणायचो, तर ते मान हलवून म्हणायचे, “नको व्याहीबुवा, पोट भरलं. तुमच्या आग्रहानेच भरलं.” आता अशा माणसाचं काय वाकडं करणार!

वास्तविक सिनेमा हा प्रांत माझा. शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो त्या दिवशी हार गळ्यात असतानाच मी लघुपट मंडळाची घोषणा केली होती. चाळीस वर्षं गावच्या नाटकात मी राजा होतो, खलनायक होतो, बाप तर इतक्यांदा होतो की गावातली निम्मी पोरं मला बघून शाळेचं प्रगतिपुस्तक लपवायची. माझा आवाज चौलात लावला की रेवदंड्याला लोक दारं लोटून घ्यायचे. पण नाटक हवेत विरतं. मला हवं होतं ते एवढंच, की एकदा, मरायच्या आत एकदा, खऱ्या थिएटरच्या मोठ्या पडद्यावर माझं तोंड दिसावं. कपाळ एका भिंतीला आणि हनुवटी जमिनीला टेकेल एवढं मोठं. मंडळात माझ्याखेरीज तिघं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा रोशन, ज्याचा फोन हाच आमचा कॅमेरा. अंगणवाडीच्या सुलभाताई, ज्या आमच्या सर्व वयांच्या नायिका. आणि टेम्पोवाला जनू, जो सामान, माणसं आणि वेळ पडल्यास प्रेत वाहून न्यायचा. भांडवल शून्य. त्यामुळे लेखक, दिग्दर्शक, नायक आणि चहाचा थर्मास आणणारा, सगळं मीच.

माझ्या ‘अखेरचा हंबरडा’ या लघुपटाचा शेवट आम्ही चौलच्या किनाऱ्यावर घेत होतो, तेव्हा व्याही पहिल्यांदा आमच्यात शिरले. विहीणबाई जाऊन तीन वर्षं झालेली, घरात एकटे, म्हणून आमच्या हिने आग्रहाने चार दिवस राहायला बोलावलं होतं. श्रीवर्धनची पोफळीची वाडी गड्यावर सोपवून ते आले, छत्री, पंचांग आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली घेऊन. तर दृश्य असं, की मुलाने घराबाहेर काढलेला बाप मावळत्या सूर्यात समुद्रात चालत जातो आणि दिसेनासा होतो. मी संध्याकाळी धोतर नेसून, डोळ्यांत ग्लिसरीन घालून, हंबरडा फोडून वळलो, तर समुद्र जागेवर नाही! लांबवर एक चांदीची रेघ, आणि मधे चिखल. मी नट आहे, थांबलो नाही. जीव द्यायला निघालेला बाप गुडघ्यापर्यंत रुतत, एक चप्पल हातात, एक चिखलात, अर्धा तास समुद्राच्या मागे चालत होता. वाटेत कालवं काढणाऱ्या दोन बायांनी विचारलं, “काय हरवलाय का?” परत आलो तेव्हा व्याही छत्रीखाली बसून बोटांची पेरं मोजत होते. म्हणाले, “आज पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती झाली, तेव्हा साडेपाचला पूर्ण ओहोटी. बुडायचंच असेल तर उद्या बाराच्या सुमारास बुडा, व्याहीबुवा. म्हणजे जेवायच्या आत आटपेल.”

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे गणित किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही येतं. पण माझं सगळं लक्ष हंबरड्यावर! दुसऱ्या दिवशी बाराला समुद्र शहाण्यासारखा उंबऱ्याशी येऊन उभा राहिला, मी पहिल्या फटक्यात बुडालो, आणि वर येऊन बघतो तो माझं मंडळ व्याह्यांच्या भोवती कोंडाळं करून उभं. रोशन त्यांना फोन कसा धरायचा ते दाखवत होता. दिग्दर्शक नाकातोंडातलं पाणी शिंकरतोय याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं.

चार दिवसांचे चाळीस झाले. व्याह्यांना सिनेमाचं काडीचं ज्ञान नाही आणि तेच लोकांना ज्ञान वाटतं. ते ‘ॲक्शन’ म्हणत नाहीत. सदऱ्याच्या वरच्या खिशात फोन उभा ठेवतात, त्याचा डोळा तेवढा बाहेर, आणि समोरच्याशी पाण्याबिण्याबद्दल बोलत बसतात. माणूस बोलून उठायला लागला की म्हणतात, “झालं हो. बरं झालं.” तेव्हा त्याला कळतं की आपण सिनेमात होतो. बाप रे, मी ‘ॲक्शन’ म्हटलं की समोरच्या माडावरचे कावळे उडतात! घेतलेलं दृश्य ते डोळे मिटून बघतात. म्हणजे ऐकतात. “चित्र फोन काढतोच,” म्हणायचे, “माणूस खरं बोलला का ते बघायला डोळे कशाला?” माझा हंबरडा त्यांनी असाच डोळे मिटून ऐकला. शेवटी म्हणाले, “आवाज दणकट आहे हो तुमचा.” हे वाक्य मी तीन रात्री उलटसुलट करून पाहिलं. कौतुक आहे की काय आहे, अजून उलगडलेलं नाही.

आणि डोकं कसलं! चालत्या माणसाबरोबर कॅमेरा सरकवायला लोक रूळ टाकतात म्हणे. व्याह्यांनी आमच्या वाडीतली पोफळीची गळून पडलेली झावळी उचलली. तिच्या बुडाशी होडीसारखी रुंद, गुळगुळीत विरी असते, लहानपणी तिच्यावर बसून आपण एकमेकांना ओढतो. तिच्यावर रोशनला मांडी घालून बसवला आणि जनूला ओढायला लावला. दृश्य असं लोण्यासारखं सरकलं की मी संतापाने पान थुंकलो. साठ वर्षं मी त्याच वाडीत विऱ्या गोळा करून पाणी तापवायला जाळतोय. मला का नाही सुचलं?

पण कळस झाला तो चैत्रात. व्याह्यांनी जाहीर केलं की तेही एक छोटा सिनेमा करणार, श्रीवर्धनला, त्यांच्या पडवीत. मंडळ जनूच्या टेम्पोत बसलं, आगरदांड्याला टेम्पो फेरीबोटीत घातला, आणि आम्ही पलीकडे उतरलो. आमच्या हिलाही त्यांनी बोलावलं होतं. “विहीणबाई हव्यातच.” पडवीत पाहतो तो वाळलेल्या सुपारीचा ढीग, माणूसभर उंच. मी विचारलं, संहिता कुठे आहे? व्याह्यांनी ढिगाकडे बोट दाखवलं. “अभिनय कोणी करायचा नाही. सुपारी सोला. बोलावंसं वाटलं तर बोला.” आणि काय सांगू, माझ्या तालमीला ‘कंबर धरली’ म्हणून उठून जाणाऱ्या सुलभाताई दिवसचे दिवस पाय दुमडून सुपारी सोलत होत्या. जनू सोलत होता. रोशन फोन काठीला बांधून दुसऱ्या हाताने सोलत होता. मधेच व्याही म्हणायचे, “हे पुन्हा घेऊया का? उजेड गेला होता जरा.” की आणखी एक सूप रिकामं. आठव्या दिवशी सिनेमा संपला आणि ढीगही संपला. एका दिवसाचा, एका सुपारीचा फरक नाही! कोकणात इतका नितळ दरोडा आजवर पडला नसेल. आणि लुटले गेलेले लोक निघताना त्यांच्या पाया पडत होते. सुलभाताई तर रडल्या.

मला काय काम होतं म्हणाल, तर झोपाळ्यावर झोपायचं. “मागे घरचा माणूस झोपलेला हवा,” व्याही म्हणाले, “पण तोंडावर पंचा घ्या, माशा आहेत.” घ्या! ज्या तोंडासाठी मंडळ काढलं त्याच्यावर पंचा! तरी मी कलेशी प्रतारणा केली नाही. उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर वळताना मी एका पिढीची हतबलता दाखवली. व्याह्यांनी फक्त म्हटलं, “घोरणं चांगलं येतंय.”

घरी आलो आणि पेटून उठलो. यांच्या सुपारीत कला असेल तर माझ्या कुंपणात का नसावी? मी दोन रात्रींत ‘सीमा’ नावाचा लघुपट लिहिला. एक कुटुंब वाडीचं मोडलेलं कुंपण बांधतं आणि बांधता बांधता मनं जुळतात. कळक तोडून ठेवले, सुंभ भिजवला, मंडळाला बोलावलं. जनूने संहिता ऐकून घेतली, कळकांकडे पाहिलं, वाडीकडे पाहिलं. “नाना,” तो म्हणाला, “ही स्टोरी हाय का तुमचा कुंपण हाय?”

“अरे, व्याह्यांची सुपारी चालते ती?”

“त्ये काकांचा येगला. काका आपल्या सोबत बसून सोलतान. तुम्ही खुर्ची मांडलीव.”

कुंपण मी आणि ही, दोघांनी बांधलं. चित्रीकरणाशिवाय.

आणि अशात अलिबागच्या लघुपट स्पर्धेचं पत्रक आलं. खरं थिएटर, खरा पडदा, आणि अट एकच. एका मंडळाचा एकच लघुपट. म्हणजे माझा ‘हंबरडा’ किंवा व्याह्यांची ‘पडवी’. माझ्या लघुपटात मी पस्तीस मिनिटं दिसतो, आणि लघुपटच छत्तीस मिनिटांचा आहे. व्याह्यांच्या लघुपटात माझा पंचा दिसतो. रविवारी दुपारी दोन्ही बघून मतदान करायचं ठरलं. त्यासाठी व्याहीही श्रीवर्धनहून आले. रोशनने दुकानातला टीव्ही अंगणवाडीत आणला. बसायला पोरांच्या वीतभर उंचीच्या खुर्च्या, त्यामुळे आम्ही पाचजण गुडघे कानाशी घेऊन बसलो. ही आलीच नाही. “मला काय त्यातलं कळतंय,” म्हणाली. निघताना मला पाण्याची बाटली दिली आणि वर, “व्याह्यांशी नीट बोला हं,” असंही बजावलं.

आधी ‘हंबरडा’ झाला. छान झाला. अंगणवाडीच्या मागे बांधलेली म्हैस दोनदा ओरडली, यावरून परिणाम समजावा. मग ‘पडवी’ लागली. सुपारीची टरफलं, हात, उन्हाची तिरीप, सुलभाताई नवऱ्याच्या दारूबद्दल हसत हसत काहीतरी सांगताहेत, आणि मग कॅमेरा आमच्या हिच्या समोर. ही खाली बघून सोलते आहे. मागे झोपाळा, झोपाळ्यावर पंचा, आणि पंच्याखालून माझं घोरणं. खरं सांगायचं तर अभिनय करता करता तिथे मला गाढ झोप लागली होती. व्याह्यांचा आवाज आला, “विहीणबाई, नाटकाच्या तालमी तुमच्याच घरी व्हायच्या ना?”

“हो तर,” ही म्हणाली. “सगळ्यांची भाषणं मला पाठ. भाकऱ्या थापता थापता पाठ. एकदा काय झालं, प्रयोगाला नटी यायची ती आलीच नाही. तिकडे पडद्यामागे पळापळ. मला वाटलं, आता कोणीतरी मलाच विचारील. लग्नाला वर्षच झालेलं हो, मला तरी कुठली अक्कल. मी आपली गेले आणि तिची साडी नेसून, वेणीबिणी घालून विंगेत उभी राहिले. हे आले आणि म्हणाले, ‘बरी सापडली साडी. सोड लवकर, मीच नेसतो.’”

अंगणवाडीत हशा झाला. होणारच. कारण हा प्रसंग मी आजवर हजार वेळा हजार ठिकाणी सांगितलेला आहे. नटी आली नाही, तेव्हा मी ऐन वेळी नायिका उभी केली आणि सात टाळ्या घेतल्या! माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय. फक्त मी सांगतो त्यात विंगेत कोणी उभं नसतं.

टीव्हीवर व्याही हसले नव्हते. थोडा वेळ नुसता सुपारीचा आवाज. मग ते म्हणाले, “मग?”

“मग काय,” ही म्हणाली, “निऱ्या मीच घातल्या त्यांच्या. त्यांना कुठे येतात!” आणि हसली. ते हसू मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. चौतीस वर्षं एका घरात राहून पाहिलेलं नव्हतं. मागे पंचा घोरत होता.

मला व्याह्यांचा हेवा भरतीच्या गणिताबद्दल वाटला होता, विरीबद्दल वाटला होता, सुपारीबद्दल तर इतका वाटला होता की पित्ताच्या गोळ्या चालू झाल्या होत्या. पण ते सगळे किरकोळ हेवे. खरा हेवा मला त्या दुपारी वाटला, आणि तो त्या ‘मग?’चा. दोन अक्षरं. एवढा मोठा आवाज देवाने मला दिला आणि त्यातून ही दोन अक्षरं कधी निघाली नाहीत.

मतदान हात वर करून होतं. ‘पडवी’ला रोशन आणि सुलभाताई. ‘हंबरड्या’ला जनू, कारण त्याला बुडायचं दृश्य फार आवडतं, आणि, काय म्हणावं या माणसाला, व्याही! “मुलीकडच्यांचा मान असतो,” म्हणाले. मुलाकडच्यांनी मान मागायचा, रुसायचं, नारळाच्या आकारावरून भांडायचं, ही आपली रीत. या माणसाने ती सुद्धा पाळली नाही. दोन आणि दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या चिमुकल्या खुर्चीत मी आणि डोळ्यांसमोर अलिबागचा पडदा, कपाळ एका भिंतीला, हनुवटी जमिनीला. हात वर करायचा आणि म्हणायचं, ‘हंबरडा’. नाहीतरी माझाच सिनेमा, माझंच मंडळ, थर्मासही माझाच.

“पडवी,” मी म्हटलं. मला वाटतं, आयुष्यात मी इतक्या हळू आवाजात बोललेलं ते पहिलं वाक्य असावं, कारण जनूने विचारलं, “काय म्हनलाव?”

अलिबागला आम्हाला बक्षीस मिळालं नाही. पण पडदा खरा होता आणि त्यावर हिचा चेहरा एवढा मोठा आला की तिच्या कपाळावरचा लहानपणीचा वण सगळ्या थिएटरला दिसला. ही माझ्या शेजारी बसून पदर तोंडाला लावून एकसारखी म्हणत होती, “अगं बाई, केवढी दिसते मी.” लोक हसायचे तिथे हसले, आणि ‘निऱ्या मीच घातल्या’ला अगदी चिडीचूप झाले. बाहेर पडल्यावर एका पोरीने हिच्याबरोबर फोटो मागितला आणि तो काढायला फोन माझ्या हातात दिला. मी काढला. दोन्ही डोळे उघडे ठेवून नीट काढला.

दोन दिवसांनी ही मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी व्याह्यांसारखाच सदऱ्याच्या खिशात फोन उभा केला, पण माझा खिसा ढिला, तो कलंडला. मग हातात धरून समोर बसलो आणि शक्य तितक्या कोवळ्या आवाजात विचारलं, “त्या दिवशी, त्या विंगेत... तुला काय वाटलं?”

“तो फोन ठेवा आधी खाली.”

“व्याह्यांनी विचारलं तेव्हा होताच की फोन!”

“ते व्याही,” ही म्हणाली. “तुमचं तोंड दिसत नाही त्याच्यामागे. मला बघू दे.”

मी फोन पाटाखाली सरकवला. ती बोलली ते मी इथे लिहिणार नाही. पुष्कळ बोलली. वाल संपले तरी बोलत होती. काही गोष्टी मी चुकीच्या सांगतो ते कळलं, काही मी कधीच सांगत नाही त्या कळल्या, आणि नटीची ती साडी कुठल्या रंगाची होती तेही कळलं. मला नाटकातलं प्रत्येक वाक्य पाठ, साडीचा रंग आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याह्यांचा फोन आला. ते परत श्रीवर्धनला गेल्यापासून रोज सकाळी फोन करतात. तिथी सांगतात, भरती सांगतात, नव्या सिनेमाचं काही डोक्यात आहे का विचारतात. म्हणाले, “काल काय केलंत मग?” जिभेवर सगळं होतं. एरवी मी याचं तीन अंकी नाटक करून ऐकवलं असतं.

“काही नाही,” मी म्हटलं. “वाल सोलले.”

“दोघांनी?”

“दोघांनी.”

पलीकडे त्यांच्या एकट्याच्या घरात लांबून वाडीतल्या रहाटाचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, “बरं झालं हो,” आणि फोन ठेवला मात्र नाही. मीही ठेवला नाही. या माणसाला माझा हेवा वाटावा असं मी किती दिवस मनात म्हणत होतो, आणि आता तो वाटत असेल तर तो मला बघवेना. मी म्हटलं, “व्याहीबुवा, आज तिथी कुठली?” त्यांनी घसा साफ केला आणि हळूहळू बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली.